मतदानाच्या दिवशी एसटी कुठे जाते?

निवडणुकीच्या कायद्याने बैलगाडीची आठवण ठेवली आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१चा. त्याच्या १२३व्या कलमात भ्रष्ट आचारांची यादी आहे. लाच, धाकदपटशा, धर्माच्या नावाने मागितलेला मतांचा जोगवा असे सगळे त्यात आहे, आणि त्याच यादीत पाचव्या क्रमांकावर मतदारांची फुकट ने-आण येते. उमेदवाराने, त्याच्या प्रतिनिधीने किंवा त्यांच्या संमतीने दुसऱ्या कोणी गाडी अथवा होडी भाड्याने घेऊन वा मिळवून मतदारांना केंद्रावर फुकट पोहोचवले, तर निवडून आलेल्याची निवडणूक रद्द होऊ शकते. १३३व्या कलमाखाली तीन महिन्यांपर्यंत कैद आणि दंडही आहे. मतदारांनी स्वतःच वर्गणी काढून वाहन ठरवले तर मात्र तो भ्रष्ट आचार नाही, पण ते वाहन यंत्रशक्तीवर चालणारे नसावे! म्हणजे बैलगाडी चालेल, टांगा चालेल, वल्ह्याची होडी चालेल. आणखी एक सूट आहे: सार्वजनिक वाहनातून पदरच्या पैशाने गेले तरी हरकत नाही.

हे कलम लिहिणाऱ्यांचा हेतू रास्त होता. ज्याच्याकडे मोटारींचा ताफा त्याचाच विजय, असे होऊ नये म्हणून ही तरतूद आली. पण आता गावात बैलजोडी उरली आहे कुणाकडे? जिथे आहे तिथे ती शेतात जुंपलेली असते. चारचौघांनी पैसे काढून काळी-पिवळी ठरवली म्हणून त्यांच्यामागे कोणी पोलीस लावत नाही, कारण कलमाचा रोख उमेदवारावर आहे. तरी कायद्याने जी दोन वाहने निर्धोक ठरवली त्यांतली एक इतिहासजमा झाली आहे आणि दुसरी म्हणजे एसटी. ज्यांच्या दारात ना मोटार ना मोटरसायकल, त्यांच्यासाठी एसटी हेच एकमेव कायदेशीर चाक. आणि नेमके मतदानाच्या दिवशी ते चाक गावात फिरकत नाही.

कारण त्याच कायद्याच्या १६०व्या कलमात आहे. निवडणुकीच्या कामासाठी इमारती आणि वाहने ताब्यात घेण्याचा अधिकार तिथे सरकारला दिलेला आहे. मतदानयंत्रे, कर्मचारी, पोलीस यांना केंद्रावर सोडायचे आणि परत आणायचे, तर गाड्या लागणारच. राज्यात २०२४च्या विधानसभा निवडणुकीला १,००,१८६ मतदान केंद्रे होती. एवढ्या केंद्रांवर माणसे आणि पेट्या पोहोचवायला हजारो एसटी गाड्या दोन दिवस निवडणूक कामाला लागल्या. महामंडळाच्या ताफ्यात चौदा-पंधरा हजार गाड्या. त्यातून एवढ्या गेल्या की पहिली कात्री कुठे लागते हे सांगायला ज्योतिषी नको. पुणे-मुंबई शिवनेरी सुटते. रद्द होते ती आडवळणाच्या गावची दिवसातून दोनदा येणारी लाल गाडी. 'निवडणुकीमुळे फेरी बंद' असा खडूने लिहिलेला फलक तालुक्याच्या स्थानकात लागतो आणि विषय संपतो.

यातला विनोद, विनोदच म्हणायचा तर, पुढे आहे. २६ ऑगस्ट २०२२पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे. १७ मार्च २०२३पासून बायकांना अर्धे तिकीट आहे. म्हणजे केंद्रापर्यंत जाणे ज्यांना सर्वांत जड जाते, त्या म्हाताऱ्या माणसांच्या आणि बायकांच्या हातात सरकारने सवलत ठेवलेली आहे. मतदानाच्या दिवशी सवलत शाबूत असते, गाडी नसते.

आता निवडणूक आयोगाची बाजूही सांगितली पाहिजे, कारण ती कमी मोलाची नाही. मतदाराला दोन किलोमीटरपेक्षा लांब जावे लागू नये, असा आयोगाचा दंडक आहे. विरळ वस्तीच्या डोंगराळ आणि जंगली भागात थोडे मतदार असले तरी केंद्र उभारले जाते. गुजरातमध्ये गीरच्या जंगलात बाणेज येथे एका महंतासाठी केंद्र लागते. अरुणाचल प्रदेशात चीनच्या सीमेजवळ मालोगाम येथे एका बाईच्या मतासाठी कर्मचारी डोंगर तुडवत जातात. हिमाचलात ताशीगंग येथे १५,२५६ फुटांवर मतदान होते. आपल्याकडे भोर तालुक्यात बुरुडमाळ नावाचे डोंगरातले गाव आहे. २०२४च्या लोकसभा निवडणुकीत तिथे अवघे ४१ मतदार होते आणि त्यांच्यासाठी स्वतंत्र केंद्र होते. पूर्वी त्यांना मतासाठी दुसऱ्या गावापर्यंत डोंगरवाटेने जावे लागे. एवढा खटाटोप करणारी यंत्रणा जगात फार नाही.

या कहाण्या दर निवडणुकीला छापून येतात, आणि याव्यातच. पण त्या अपवादाच्या कहाण्या आहेत. एका मतदारासाठी चालत गेलेले पथक दिसते. केंद्राकडे चालत निघालेल्या शेकडो मतदारांचा फोटो निघाला तर त्याखाली 'लोकशाहीचा उत्सव' अशी ओळ येते. डोक्यावर पदर, हातात चप्पल, ओढ्यातून चाललेली रांग. छायाचित्र सुंदर असते. ओढ्यावर पूल का नाही, हा प्रश्न त्या ओळीत मावत नाही.

दोन किलोमीटरचा दंडक सपाटीवर ठीक आहे. सातपुड्यात तो पांगळा होतो. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव किंवा अक्कलकुवा तालुक्यातले गाव म्हणजे एके ठिकाणी वसलेली आळी नव्हे. डोंगरांच्या सोंडांवर विखुरलेले पाडे मिळून एक महसुली गाव होते. केंद्र शाळेत, शाळा मोठ्या पाड्यावर. समोरच्या सोंडेवरचा पाडा शाळेतून दिसतो, हाक मारली तर ऐकू येईल इतका जवळ. पण मध्ये दरी. खाली उतरायचे, नाला ओलांडायचा, पुन्हा चढायचे. नंदुरबारचे २०२४चे लोकसभेचे मतदान १३ मेला झाले. त्या उन्हात कडेवर मूल घेऊन निघालेल्या बाईला विचारावे दोन किलोमीटर म्हणजे किती.

तिचा दिवस जरा जवळून पाहण्यासारखा असतो. ऊन तापायच्या आत पोहोचायचे म्हणून उजाडताच निघायचे, तर त्याआधी पाणी भरायचे, भाकरी टाकायची. घरात मोटरसायकल असेल तर पहिली फेरी नवऱ्याची आणि म्हाताऱ्याची; ती पेट्रोल वाचवायला पायी. मतदार चिठ्ठी कमरेच्या बटव्यात, ओळखपत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले. केंद्रावर रांग. चिठ्ठी आणली ती दुसऱ्या खोलीची निघाली तर पुन्हा रांग. बोटाला शाई लागून बाहेर पडेपर्यंत सूर्य माथ्यावर येतो आणि परतीची चढण उरलेली असते. १३५ब कलमाने मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी दिली आहे. ती कारखान्यातल्या, दुकानातल्या नोकराला मिळते. हिची मजुरी बुडते.

याच अक्कलकुवा मतदारसंघात नर्मदेकाठी मणिबेली आहे. सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेलेले महाराष्ट्रातले पहिले गाव. योगायोग असा की राज्याच्या मतदान केंद्रांच्या यादीतही क्रमांक एक मणिबेलीचाच. तिथल्या फुगवट्याकाठच्या केंद्रांवर कर्मचारी बार्जमधून, बोटीतून जातात. धरणाने जुन्या वाटा बुडवल्या, पाडे टेकड्यांवर सरकले, आणि शेजारच्या पाड्यावर जायलाही होडी लागू लागली. साताऱ्यात कोयनेच्या शिवसागर जलाशयापलीकडे कांदाटी खोऱ्यात तीच तऱ्हा. तापोळ्याहून, बामणोलीहून लाँच निघते तेव्हा पलीकडच्या गावांचा जगाशी संबंध येतो. सरकारी पथकाची लाँच ठरलेली असते. मतदाराने आपले बघायचे.

गडचिरोलीत हा फरक आणखी ठळक होतो. तिथे संवेदनशील भागातल्या केंद्रांवर मतदानयंत्रे आणि कर्मचारी हेलिकॉप्टरने पोहोचवले जातात. गेल्या काही दशकांत जो रक्तपात त्या जिल्ह्याने पाहिला तो लक्षात घेता या खबरदारीला नाव ठेवता येणार नाही. पण सुरक्षेसाठीच अनेक केंद्रे मूळ गावातून उठवून पोलीस मदत केंद्राजवळच्या गावात हलवली जातात, आणि मग त्या मूळ गावच्या मतदाराला जंगलवाट तुडवत जावे लागते. त्यात वेळही आखूड. १९ एप्रिल २०२४ रोजी लोकसभेच्या मतदानाला अहेरी, गडचिरोली, आरमोरी आणि आमगाव या विधानसभा क्षेत्रांत सकाळी सात ते दुपारी तीन एवढीच मुदत होती. मुंबईत संध्याकाळी सहापर्यंत, अहेरीत तीनपर्यंत. ज्याला चालत जायचे त्याला वेळ कमी आणि ज्याच्या इमारतीखाली रिक्षा उभी असते त्याला जास्त. सुरक्षेचे कारण खरे आहे, तरी त्याची किंमत कोण मोजते तेही खरे आहे. मोहाचा हंगाम मार्च-एप्रिलचा. पहाटे फुले वेचायला गेलेल्या माणसाने टोपली घरी ठेवून तीनच्या आत केंद्र गाठायचे असते. यंत्र हवेतून येते, मतदार पायी येतो.

एटापल्ली तालुक्यातल्या गर्देवाड्याला एसटी पहिल्यांदा पोहोचली १ जानेवारी २०२५ रोजी. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी अहेरी-गर्देवाडा गाडीला हिरवा झेंडा दाखवला आणि राज्यभर बातमी झाली. आनंदाचीच गोष्ट. फक्त विधानसभेचे मतदान त्याआधी सहा आठवडे, २० नोव्हेंबर २०२४ला, उरकलेले होते. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून त्या मुलुखाने जेवढ्या वेळा मत दिले, तेवढ्या वेळा त्यातला कोणीही एसटीने केंद्रावर गेला नव्हता.

इथे एक आक्षेप हमखास येतो, आणि तो आकड्यांनिशी येतो. २०२४च्या लोकसभेला गडचिरोली-चिमूरमध्ये ७१.८८ टक्के मतदान झाले, नंदुरबारमध्ये ७०.६८. दक्षिण मुंबईत ५०.०६ आणि कल्याणमध्ये ५०.१२. मग रडगाणे कशाचे? जंगलातला माणूस चालत जाऊन मत देतो आणि शहरातला घरी पंख्याखाली पडून राहतो. अडचण अंतराची नाही, आळसाची आहे, असे सांगणारे भेटतात. शहरी आळसाबद्दल त्यांचे म्हणणे मान्य. पण हजारो पावले चालून लोक मत देतात म्हणून त्यांना चालतच ठेवावे, हे कुठले तर्कशास्त्र? शिवाय टक्केवारी जे सांगत नाही ते महत्त्वाचे आहे. उरलेल्या अठ्ठावीस-तीस टक्क्यांत कोण आहे? गुडघे गेलेली सत्तरीतली बाई, नुकती बाळंत झालेली सून, आजाऱ्याच्या उशाशी बसलेली मुलगी. पायपीट करू शकणाऱ्यांनी मत दिले याचा उत्साह साजरा करताना, करू न शकणारी माणसे त्या आकड्यामागे गडप होतात. आणि गेलेल्या सत्तर टक्क्यांतले किती जण कोणाच्या जीपमधून गेले, तेही टक्केवारीत लिहिलेले नसते.

कारण जीप येतेच. हे ग्रामीण महाराष्ट्रात उघड गुपित आहे. एसटी बंद, केंद्र लांब, ऊन कडक; अशा वेळी दारात येऊन उभी राहणारी गाडी कोणाची, हे विचारण्याच्या मनःस्थितीत म्हातारी नसते. आयोग मतदानाच्या दिवशी उमेदवाराला मोजक्याच गाड्यांचे परवाने देतो. पण गाडी परवान्याची नसते. ती कोणा चुलत्याची, पुतण्याची, ठेकेदाराची असते, आणि आत बसलेले सगळे 'घरचे' असतात. स्वतःच्या वाहनातून कुटुंबासह मतदानाला जायला आयोगाची मुभा आहे, फक्त केंद्राच्या अगदी दारापर्यंत गाडी न्यायची नाही. तेव्हा पोलिसाने अडवून विचारले तरी उत्तर तयार असते. चुन्याने आखलेल्या रेघेच्या अलीकडे सगळे उतरतात. वाटेत गाडीत काय बोलणे झाले ते विचारायला तिथे कोणी नसतो.

असा गुन्हा न्यायालयात सिद्ध करणे म्हणजे दिव्यच. वाहन भाड्याने घेतले किंवा मिळवले, ते उमेदवाराने, त्याच्या प्रतिनिधीने किंवा त्यांच्या संमतीने, आणि त्यातून मतदार फुकट गेले, अशा सगळ्या कड्या जोडाव्या लागतात. देशातल्या सर्वांत गाजलेल्या निवडणूक खटल्यातही हा आरोप होता. १९७१ साली रायबरेलीत हरलेल्या राजनारायण यांनी इंदिरा गांधींविरुद्ध केलेल्या याचिकेत मतदारांच्या फुकट ने-आणीचा मुद्दा घेतला होता. न्या. जगमोहनलाल सिन्हा यांनी १२ जून १९७५ रोजी इंदिराजींची निवडणूक रद्द केली ती सरकारी नोकरीत असलेल्या यशपाल कपूर यांच्या प्रचारातल्या मदतीवरून आणि सरकारी अधिकाऱ्यांनी उभारलेल्या व्यासपीठांवरून. गाड्यांचा आरोप टिकला नाही. ज्या खटल्याने देशाचा इतिहास वळवला त्यातही जे शाबीत होऊ शकले नाही, ते तालुक्याच्या भरारी पथकाकडून होईल, ही आशा फार झाली.

थोडक्यात, बंदी कागदावर आहे आणि पर्याय कागदावरही नाही. कायद्याने उमेदवाराची गाडी अडवली, ठीक केले. पण त्या गाडीची गरज ज्यामुळे पडते ते अंतर मिटवण्याची जबाबदारी कोणावरच टाकली नाही. नुसती बंदी अशा वेळी नडलेल्या मतदाराला मिंधा करून सोडते.

आयोगाने काहीच केले नाही असे नाही. २०२४च्या लोकसभा निवडणुकीत ८५ वर्षांवरील मतदारांना आणि ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्यांना देशभर घरून मतदानाची सोय मिळाली. पथक घरी येते, सोबत पोलीस आणि चित्रीकरण करणारा असतो, पुठ्ठ्याच्या आडोशाआड मत नोंदवून घेतात. उपक्रम उत्तम आहे. मात्र त्यासाठी १२ड नमुन्यातला अर्ज अधिसूचनेनंतर पाच दिवसांत द्यावा लागतो. ज्या पाड्यावर वर्तमानपत्र येत नाही आणि मोबाइलची रेंज टेकडीवर चढून शोधावी लागते, तिथे ते पाच दिवस केव्हा आले आणि केव्हा गेले ते कळतही नाही. आधी ही वयोमर्यादा ८० होती. मार्च २०२४मध्ये ती ८५ झाली. म्हणजे चौऱ्याऐंशीच्या आजोबांनी चालत जायचे. अपंग मतदारांना 'सक्षम' अॅपवर चाकाची खुर्ची आणि ने-आण मागता येते. अॅपवर. जरा हसूच येते.

आणि शहराकडे पाहिले की तुलना टाळता येत नाही. तिथे मतदान घटते म्हणून आयोगाने उंच इमारती आणि गृहसंकुलांतच केंद्रे नेली. २०२४च्या विधानसभेला राज्यात अशी हजाराहून अधिक केंद्रे होती. लिफ्टने खाली उतरा, क्लबहाऊसमध्ये मत द्या, पुन्हा वर. ज्याच्या तळघरात दोन मोटारी उभ्या आहेत त्याच्यासाठी केंद्र दाराशी आले. याला विरोध करायचे कारण नाही. मत सोपे व्हावे, सगळ्यांचेच. पण मतदाराच्या सोयीसाठी केंद्र हलवता येते, नियम वाकवता येतो, पैसा खर्च करता येतो हे जर शहरात सिद्ध झाले असेल, तर पाड्यावर ते अशक्य कसे? २०२५मध्ये आयोगाने एका केंद्रावरच्या मतदारांची कमाल संख्या १५००वरून १२००वर आणली, त्यानेही गर्दीच्या भागात केंद्रे वाढतील. ज्या केंद्रावर मुळात तीनशेच नावे आहेत तिथे त्याने एक पाऊलही वाचणार नाही.

उपाय नवा शोधायची गरज नाही. तो दर आषाढीला पंढरपूरच्या वाटेवर दिसतो. वारीसाठी एसटी अलीकडे पाच हजारांवर जादा गाड्या सोडते आणि एका गावातून चाळीस किंवा अधिक माणसे जमली तर थेट गावातून गाडी देते. गणपतीला कोकणात जायला हजारो जादा गाड्या सुटतात. वेळापत्रक आधी जाहीर होते, आगारे एकमेकांना गाड्या उसन्या देतात, रस्त्यात बिघडलेल्या गाडीसाठी दुरुस्ती पथके थांबतात. हे सगळे करण्याची अक्कल आणि सवय महामंडळाकडे आहे. मतदान तर वारीपेक्षा सोपे. तारीख महिनाभर आधी ठरलेली, कोणत्या केंद्रावर किती मतदार आणि ते कोणत्या वस्तीतले याची यादी मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे (बीएलओ) तयार. यादीतून दोन किलोमीटरपलीकडच्या वस्त्या वेगळ्या काढायला एक दुपार पुरेल.

गाड्या आणायच्या कुठून, हा प्रश्न रास्त आहे. एक उत्तर असे की मतदानाच्या आदल्या दिवशी पथकांना सोडून आलेल्या बऱ्याच गाड्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पेट्या परत न्यायची वाट पाहत उभ्या असतात. सकाळी सात ते दुपारी चार या वेळात त्यातल्या काहींनी केंद्राभोवतीच्या वस्त्यांवर फेऱ्या मारल्या तर बिघडते काय? आणीबाणीसाठी काही राखीव ठेवाव्यात. एसटीची बस चढत नाही तिथे सरकारने ताब्यात घेतलेल्या जीप आहेत. पाण्यापलीकडे पथकाचीच लाँच दोन फेऱ्या जास्त मारू शकते. आणि ज्या दुर्गम मार्गावर दिवसातून एखादीच फेरी आहे ती तरी त्या दिवशी रद्द करू नये, एवढा साधा आदेश काढायला तर डिझेलही लागत नाही.

सरकारी गाडीतून मतदार नेले तर सत्ताधाऱ्यांचा फायदा होईल, अशी शंका निघेल. निवडणूक काळात जिल्हाधिकारी हा जिल्हा निवडणूक अधिकारी म्हणून आयोगाच्या हुकमतीखाली असतो. मार्ग आणि वेळ आधी जाहीर करावी, गाडीवर फलक फक्त आयोगाचा असावा, सगळ्या पक्षांच्या प्रतिनिधींना वेळापत्रक द्यावे. ज्या गाडीत कोणत्याही पक्षाचा माणूस चढू शकतो ती गाडी एका पक्षाची होत नाही. गावच्या पुढाऱ्याच्या जीपबद्दल असे म्हणता येईल का? अमेरिकेत लॉस एंजेलिसमध्ये निवडणुकीच्या दिवशी मेट्रो आणि बसचा प्रवास मोफत असतो. तिथल्या विरोधकांनी त्यावरून आकाशपाताळ एक केल्याचे ऐकिवात नाही. कायद्याचीही आडकाठी नाही. १२३(५) हे कलम उमेदवाराला आणि त्याच्या माणसांना बांधते, आयोगाला नाही.

अंतराचा दुसरा एक प्रकार याहून अवघड आहे, त्याचा उल्लेख तरी केला पाहिजे. २०२४च्या विधानसभेला मतदान २० नोव्हेंबरला होते आणि उसाचा गाळप हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू करायचे ठरले होते. ऊसतोड मजुरांचे मतदान बुडेल म्हणून हंगाम पुढे ढकलण्याची मागणी झाली. बीडच्या मजुराचे केंद्र बीडमध्ये आणि राहायची कोपी, म्हणजे झोपडी, कोल्हापुरात. त्याला टनावर मजुरी, पगारी सुट्टीचा प्रश्नच नाही. अशांसाठी आयोगाने डिसेंबर २०२२मध्ये दूरस्थ मतदानयंत्राचा प्रस्ताव मांडला होता. एका यंत्रावर ७२ मतदारसंघ हाताळता येतील असे ते होते. पक्षांनी शंका घेतल्या आणि प्रस्ताव तिथेच थबकला. तो वाद मोठा आहे, त्याला वेळ लागेल. पाड्यावरून शाळेपर्यंतच्या चार-सहा किलोमीटरला मात्र यंत्राची, कायदादुरुस्तीची किंवा सर्वपक्षीय बैठकीची वाट पाहावी लागत नाही.

मेळघाटात रंगुबेलीसह काही गावांनी २६ एप्रिल २०२४ रोजी लोकसभेच्या मतदानावर बहिष्कार टाकला. रस्ता नाही, वीज नाही, पाणी नाही, अशी त्यांची तक्रार होती. अधिकारी समजूत घालायला गेले. मत द्या म्हणून सांगायला प्रशासनाची गाडी ज्या वाटेने येते, त्या वाटेने एरवी काहीच येत नाही, याचा राग समजण्याजोगा आहे.

तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांकडे मागणी अगदी मर्यादित आहे. पुढच्या निवडणुकीची अधिसूचना निघाली की प्रत्येक तालुक्यातल्या लांबच्या वस्त्यांची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी आणि एसटीच्या विभाग नियंत्रकाला सोबत घेऊन त्या दिवशीच्या फेऱ्या ठरवाव्यात. आयोग मतदाराला घरपोच चिठ्ठी देतो. तिच्यावर केंद्राचे नाव, यादी भाग आणि अनुक्रमांक छापलेला असतो. त्याखाली आणखी एक ओळ छापावी: गाडी कुठून सुटेल, किती वाजता, आणि परत केव्हा सोडेल.